विंचवाचे विष आणि कुलपातली गोळी

विंचू चावला, की ठणका किती यावरून विष किती चढले ते ठरवायचे, ही आपली जुनी रीत. लाल विंचवाच्या बाबतीत हीच रीत घात करते. विष अंगभर भिनते तेव्हा दंशाच्या जागी पुष्कळदा ठणका बेताचाच असतो. मांत्रिक म्हणतो, 'उतरले.' घरची मंडळी निर्धास्त होतात आणि इकडे हृदयावर भार चढत असतो.

असे का होते? आपल्या ज्ञानतंतूंना अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियमचे भारित कण आत शिरले, की संदेश पुढे जातो आणि दार लगेच मिटते. विंचवाचे विष त्या दाराला पाचर मारते. रात्री दारे धरणाऱ्याला हे लगेच उमगेल: वाफा भरला तरी बारे मिटले नाही, तर काय होते? ज्ञानतंतू थांबतच नाहीत आणि अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटतात. रक्तवाहिन्यांवर या द्रव्यांची कुलपे असतात. त्यांत ही किल्ली फिरली, की वाहिन्या आवळतात. हृदयाला जोर पडतो आणि अखेर फुप्फुसात पाणी भरते.

कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नेमके हे कुलूप हेरले. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी. ती त्या कुलपात जाऊन बसते, पण कुलूप फिरवीत नाही. खऱ्या किल्लीला मग जागाच उरत नाही आणि आवळलेल्या वाहिन्या सैल होतात. त्यांचा हा अनुभव 1986 साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात आला. या गोळीबरोबर विंचवाची प्रतिविष लसही दिली तर रोगी लवकर सावरतो, हे महाडच्याच पाहणीतून 2011 साली पुढे आले. लस रक्तातले विष निकामी करते, गोळी त्याचा परिणाम रोखते. डॉ. बावस्करांना 2022 साली पद्मश्री मिळाली.

नुसता ठणका असेल, तर डॉक्टर दंशाच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन देतात. ते सोडियमचे दारच बंद करते, म्हणून वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणजे एक औषध दारावर, दुसरे कुलपावर. म्हणून एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

तेव्हा घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ओकारी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, तोंडाला लाळ सुटणे, यांतले एक जरी दिसले तरी ठणक्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. लहान मुलाला विंचू चावल्यास लक्षणांचीही वाट पाहू नये. आवळून बांधणे, चिरा देणे, चोखणे यांत वेळ दवडू नये. प्राझोसिन घरी आपल्या मनाने देऊ नये. ते किती द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. गोळी घेतल्यावर रोग्याला निजवून ठेवावे. एकदम उठवल्यास रक्तदाब उतरून घेरी येते.

आणि गोवऱ्या, लाकूडफाटा, कौले उचलताना हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. पायातले घालण्याआधी झटकावे.