फिरत्या घराची भोकं



दिवाळीची सुट्टी जवळ आली की या सदराकडे एकाच तऱ्हेचे प्रश्न येतात. यंदाचा नमुना असा: "आम्ही सगळे कॅम्पर व्हॅन घेऊन तंजावर, पापनाशम, कुंभकोणम करणार आहोत. निघण्याआधी गाडीत घरच्या घरी काय काय बसवून घेऊ?" कुणाला टपावर सोलर पॅनेल हवंय, कुणाला स्वयंपाकाच्या वर एक्झॉस्ट फॅन, कुणाला बाजूला ओढून घ्यायची कापडी पडवी. हौस आहे, ती असावीच. पण माझा उलटा प्रश्न आहे: या सगळ्यापायी तुम्ही गाडीला किती भोकं पाडणार आहात? आणि आधीच्या मालकानं किंवा गॅरेजवाल्यानं पाडलेली किती आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

कारण मोटरहोमची देखभाल म्हणजे बऱ्याच अंशी भोकांची देखभाल. काही भोकं पक्की बुजवायची असतात, काही कधीच बुजवायची नसतात. पहिल्यात चूक झाली तर गादी भिजते. दुसऱ्यात झाली तर जीव जातो.

आधी पाऊस. महाराष्ट्रातून निघणारे इथंच फसतात. आपल्याकडे दसरा उलटला की छत्र्या माळ्यावर जातात. कावेरीच्या मुखाकडच्या सपाट प्रदेशात मात्र तेव्हाच खरा पाऊस सुरू होतो. तिथं ऑक्टोबर ते डिसेंबरमधला ईशान्य मोसमी पाऊस हाच वर्षाचा मोठा पाऊस. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-दोन दिवस झड लागते. नोव्हेंबर 2018मध्ये 'गजा' चक्रीवादळ आलं तेव्हा तंजावर जिल्ह्यातल्या नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. सावली कितीही छान वाटली तरी या दिवसांत गाडी नारळाखाली लावू नका, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तंजावरकडून कुंभकोणमला निघालं की साधारण 25 किलोमीटरवर पापनाशम येतं. (नकाशात दोन पापनाशम दिसतील. तिरुनेलवेलीकडचं, धरणाजवळचं, ते वेगळं. आपल्याला तंजावर जिल्ह्यातलं हवं.) चहूकडे भाताची खाचरं, कालवे, आणि हवेत सतत ओल. टॉवेल सकाळी जितका ओला, तितकाच संध्याकाळी. अशा हवेत गाडीत थेंबभर जरी पाणी शिरलं तरी ते सुकत नाही. ते कपाटामागे, गादीखाली, प्लायवूडच्या थरांत जाऊन बसतं. आठवड्यानं बुरशीचा वास येतो आणि मग घरातले एकमेकांच्या मोज्यांवर संशय घेतात.

म्हणून निघायच्या किमान दोन आठवडे आधी गळती शोधा. हे काम सगळ्या घरानं मिळून करायचं आहे. एक जण बाहेर पाण्याचा पाइप घेऊन, आणि मुलं आत टॉर्च आणि खडू घेऊन. आतल्या बाजूची आवरणं निघत असतील तर काढा. पाणी खालून वर मारत जायचं. आधी दारं-खिडक्यांची खालची रबरं, मग बाजूचे सांधे, सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं थांबायचं. एकदम टपावर पाणी ओतलंत तर ते सगळीकडून खाली येईल आणि कुठून शिरलं हे कळणार नाही. आत थेंब दिसला की मुलांनी तिथं खडूची खूण करायची. पण लक्षात ठेवा, थेंब पडतो तिथंच भोक असेल असं नाही. टपाच्या आतल्या आडव्या पट्ट्यांवरून पाणी हात-दोन हात सरकतं आणि मग टपकतं. खुणेपासून चढाच्या दिशेनं मागे मागे जा.

सोसायटीत पाइप लावू देत नसतील तर दुसरी युक्ती आहे. सगळ्या काचा बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवून पूर्ण वेगानं सोडा, आणि बाहेरून सांध्यांवर भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशनं लावा. जिथून हवा बाहेर येते तिथं बुडबुडे येतात. आणि जिथून हवा बाहेर येते तिथून पाणी आत जाऊ शकतं.

भोक सापडलं की बहुतेकांचा हात एम-सीलकडे जातो. नळाला, टाकीला ते उत्तमच. पण गाडी धावताना तिचा पत्रा सतत किंचित पिळत असतो, आणि कडक झालेला लगदा त्याच्याबरोबर पिळत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याला केसाएवढी चीर पडते, आणि पाण्याला तेवढी पुरते. बाथरूमचं सिलिकॉनही मला गाडीच्या पत्र्यावर नको वाटतं. त्यावर रंग बसत नाही, पुढच्या वेळी त्यावर दुसरं काही चिकटत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज लावू शकतं. गाडीच्या सांध्यांसाठी लवचिक राहणारं पॉलियुरेथेन सीलंट घ्या, आणि फॅन किंवा झरोक्याची चौकट बसवताना तिच्याखाली ब्यूटाइल टेप लावा. जुना थर पूर्ण खरवडून, पुसून, कोरडं झाल्यावरच नवा लावायचा. जुन्यावर नवा थापणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

आता नवं भोक पाडायचंच असेल तर. आधी आतून बघा: पत्र्यामागे वायर आहे का, मजबुतीची पट्टी आहे का, तळाला पाडणार असाल तर खाली ब्रेकची किंवा डिझेलची नळी तर नाही ना. ड्रिलच्या जागी मास्किंग टेप लावा म्हणजे टोक घसरणार नाही. आधी बारीक बिट, मग मोठं. पाडून झालं की कानशीनं कड घासा, आणि लोखंडाचा कीस शेवटच्या कणापर्यंत गोळा करा, नाहीतर पहिल्या पावसात टपावर गंजाचे ठिपके उठतात. कापलेल्या उघड्या कडेला प्रायमर लावून वाळू द्या. हीच पायरी लोक गाळतात आणि दोन वर्षांनी सीलंटला दोष देतात, जेव्हा सीलंट शाबूत असतं आणि त्याखालचा पत्रा खाल्लेला असतो. वायर भोकातून नेताना रबरी ग्रोमेट हवंच. आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं.

सोलरबद्दल एक हिशेब. 100 वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण 400 वॅट-तास देईल. पंखा, दिवे, मोबाइल यांना तेवढे पुरे. पण नोव्हेंबरच्या पापनाशमात आभाळ भरलेलं असलं तर त्याच्या चौथाईवरही समाधान मानावं लागतं. केवळ या सहलीसाठी टपाला नवी भोकं पाडू नयेत असं माझं मत आहे. उन्हाळ्यात निवांत बसवा. आणि इंडक्शनचं स्वप्न असेल तर हेही बघा: 12 व्होल्टच्या बॅटरीवर 1500 वॅटची शेगडी म्हणजे 125 अँपिअरहून जास्त प्रवाह. तेवढी जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर तो स्वयंपाक नाही, आगीला आमंत्रण आहे.

हे झालं बुजवण्याचं. पापनाशमला गेलात तर पालैवननाथर मंदिराजवळ नायक राजांच्या काळातलं विटांचं गोल कोठार जरूर बघा. भात भरायला आणि काढायला त्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवलेली आहेत. कोठारात साठा किती आहे त्यावर कुठलं दार उघडायचं ते ठरणार. गाडीतल्या उघड्या भोकांचंही तसंच आहे. ती किती उंचीवर आहेत यालाच अर्थ असतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तो खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला अगदी तळाशी, थेट बाहेर उघडणारं भोक हवं, आणि तो कप्पा आतल्या खोलीपासून बंद हवा. घरच्या इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरी गाडीत ठेवली असेल तर ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हवेपेक्षा हलका, वर जाणारा. म्हणून बॅटरीच्या पेटीचं भोक वरच्या बाजूला हवं, तेही बाहेर उघडणारं. दारांच्या खालच्या कडेला आणि सरकत्या काचांच्या खोबणीत पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. ती चिखलानं बुजतात, तेव्हा काडी घालून मोकळी करा.

आता खरी अडचण. पापनाशमच्या खाचरांजवळ संध्याकाळ झाली की डास येतात, आणि डास आले की माणूस दिसेल त्या फटीत चिंधी कोंबतो. आई मुलांच्या काळजीनं कोंबते, आजोबा झोपेच्या काळजीनं. सिलिंडरच्या कप्प्याचं भोकही त्यात जातं. त्यावर चिंधी नको, स्टीलची जाळी स्क्रूनं बसवा. हवा जाते, डास अडतो, झुरळही अडतं. गॅसच्या नळीवरची तारीख बघा. ती पाच वर्षांनी बदलायची असते. प्रत्येक मुक्कामी जोडांवर साबणाचं पाणी लावून बघा. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना गाडीपासून लांब ठेवा.

आणि एक भोक असं, जे उघडं राहताच कामा नये. डिसेंबर 2024मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. कारण ठरलं कार्बन मोनॉक्साइड. कालिकतच्या एनआयटीमधल्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा जनरेटरचा विषारी वायू गाडीच्या तळातल्या एका भोकातून आत आल्याचं दिसलं. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो जागं करत नाही. म्हणून तळाला कोणत्याही कामासाठी पाडलेलं भोक वायर घालून झाल्यावर त्याच दिवशी पक्कं बुजवा, उद्यावर टाकू नका. जनरेटर गाडीत किंवा गाडीखाली चालवू नका. तो बाहेर, लांब, आणि वारा गाडीकडून त्याच्याकडे जात असेल अशा बाजूला ठेवा. इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. नव्या पडद्यांच्या आधी तो घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल मनानं करता येत नाहीत. सीट काढणं, बॉडी बदलणं यासाठी आधी आरटीओला विचारा. महाराष्ट्र आणि केरळ दोघांनीही 2021मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्यानं खासगी गाडी हवी तशी कापायची मुभा मिळालेली नाही. सामान म्हणून ठेवलेली, उचलून बाहेर काढता येणारी लाकडी पेटी आणि पट्ट्यानं बांधलेली गादी यांत डोकेदुखी कमी. शिवाय भोकंही कमी.

वाटेत गळती निघालीच तर हार्डवेअरचं मोठं दुकान शोधायला कुंभकोणम पुढे 15 किलोमीटरवर आहे. तंजावरकडे जुनी मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण गॅरेजमध्ये मराठी चालेल अशी आशा धरू नका. बोट दाखवून "तण्णी ओळुगुदु" म्हणा, म्हणजे पाणी गळतंय. आणि भोकाला तिकडे "ओट्टै" म्हणतात.