पोस्टरवरचा ल कोणाचा?

श्रावण लागला की आमच्या पश्चिम सिडनीत व्हॉट्सअॅपवर पोस्टरांचा पाऊस सुरू होतो. क्वेकर्स हिल, स्कोफिल्ड्स, मार्सडेन पार्क, ब्लॅकटाऊन, कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये ढोलपथकाचा सराव असतो, कुणी उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेत असतं, कुणाकडे अथर्वशीर्षाची तयारी चाललेली असते. खरा पाऊस तिकडे महाराष्ट्रात, इथे आपला थंडीचा शेवट. पण सण आपल्याच पंचांगाने येतात आणि त्यांच्या वर्दीला पोस्टर हवंच.

ही पोस्टरं तयार कशी होतात ते जरा बघण्यासारखं आहे. एकाने क्वेकर्स हिलमध्ये घरी बसून पान उघडलेलं असतं, दुसरी ऑफिसातून परतताना ट्रेनमध्ये त्याच पानावर वेळ बदलत असते, आणि कुणाची तरी नाशिकची मावसबहीण तिकडून कळवते की गणपतीच्या मागचा जांभळा रंग काही बरा दिसत नाही. तिघांच्या पडद्यांवर एकच पान, एकाच वेळी. तासाभरात काम खलास. छापखाना नाही, प्रूफ नाही, डीटीपीवाल्याची विनवणी नाही.

ज्यांना परदेशात येऊन वीसपंचवीस वर्षं झाली त्यांना आधीची तऱ्हा आठवत असेल. युनिकोड रुळायच्या आधी मराठी मजकूर म्हणजे डोकेदुखी होती. प्रत्येक वर्तमानपत्राच्या वेबसाइटचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्यायचा, मगच बातमी वाचायची. पुण्याहून कुणी निमंत्रणपत्रिकेची फाइल पाठवली आणि आपल्या संगणकावर तोच फॉन्ट नसला, की ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. त्यामुळे मंडळाचं मराठी काम ज्याच्याकडे फॉन्टची सीडी असेल त्याच्याच घरी व्हायचं. तो माणूस सुट्टीवर गेला की मंडळ इंग्रजीत.

आता ती मक्तेदारी गेली, आणि ती घालवण्यात आमच्या सिडनीचाही हात आहे. कॅनव्हा हे आज जगभर वापरलं जाणारं डिझाइनचं साधन २०१३ मध्ये इथूनच सुरू झालं. त्याची मुळं मात्र पर्थमध्ये आहेत. मेलनी पर्किन्स तिथे विद्यापीठात शिकत असताना इतर विद्यार्थ्यांना डिझाइनची सॉफ्टवेअर शिकवायची. ती शिकायला इतका वेळ का लागतो, या प्रश्नातून तिने आणि क्लिफ ओब्रेक्टने आधी शाळांच्या वार्षिकांसाठी फ्यूजन बुक्स हे ऑनलाइन साधन काढलं. वार्षिक म्हणजे अनेक हातांचं काम. मुलं, शिक्षक, सगळे आपापल्या जागेवरून एकाच अंकावर काम करणार. आपल्या मंडळाचं पोस्टर त्याच वळणाने जातं.

यावर एक तक्रार नेहमी ऐकू येते: सगळी पोस्टरं एकसारखी दिसतात. तीच झेंडूची माळ, तीच समई, तोच सोनेरी गोल. तक्रार खरी आहे. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांच्या नावांना जी अक्षरं दिली त्यांत नाटकाचा स्वभावच उतरलेला असायचा, जाहिरातीतलं नुसतं नाव पाहूनही प्रयोग गंभीर की हसवणारा याचा अंदाज यायचा. ते हातचं कसब साच्यातून मिळणार नाही. पण मला या तक्रारीचं फारसं दुःख होत नाही. शेडगे प्रत्येक मंडळाच्या वाट्याला थोडेच येत होते! गल्लीतले फ्लेक्सही एकमेकांच्या नकलाच असतात, वर आणखी वाढदिवसाच्या बारा चेहऱ्यांसकट. साध्या माणसाला नीटनेटकं पोस्टर करता येऊ लागलं, त्याच्या बदल्यात थोडा सारखेपणा आला, तर हा सौदा वाईट नाही.

मला खुपतं ते वेगळंच. त्या पोस्टरवरचा ल आणि श.

मराठीचा ल पाकळ्यांचा. दोन पाकळ्या एका देठावर उमललेल्या, शाळेत पाटीवर गिरवलेला. हिंदीत चालतो तो दंडाचा, उजवीकडे सरळ काठी असलेला. श चंही तसंच, आपला शेंडीचा आणि तिकडचा गाठीचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला आणि लिपीचं प्रमाण रूप ठरवून दिलं, त्यातही ल आणि श यांची ही मराठी वळणंच धरली आहेत. म्हणजे हा माझा किंवा कुणा एका मास्तरांचा हट्ट नव्हे.

गंमत अशी की संगणकाला या दोन ल मधला फरक कळत नाही. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच. आपण टंकतो तेव्हा फक्त ‘ल’ असं सांगतो, तो कुठल्या वळणाचा काढायचा हे फॉन्ट ठरवतो. (हा मजकूर तुम्ही ज्या पडद्यावर वाचत आहात तिथला ल जरा निरखून बघा. मी कुठला ल लिहिला हे मला इथून सांगता येणार नाही.) चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं पोटात ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की तो आपणहून पाकळ्यांचा ल पुढे करतो. पण कळणार कसं? ते कुणीतरी सांगायला हवं. वेबपानाच्या मजकुरात भाषेची खूण घालायची सोय आहे. पोस्टर करायच्या सोप्या साधनांत बहुधा असं काही विचारतच नाहीत. देवनागरी दिसली की हिंदी धरायची, असा सरळ हिशेब. यात कुणाचा डाव नाही. देवनागरी वापरणाऱ्यांत हिंदीवाले सर्वांत जास्त, म्हणून काही न सांगितल्यास मिळणारं रूप त्यांचं. काही न सांगणारे आपण.

‘वाचता येतंय ना, मग काय बिघडलं?’ हा प्रश्न मी पुष्कळांकडून ऐकला आहे, आणि ठाण्यात किंवा साताऱ्यात राहणाऱ्याने तो विचारला तर ठीक आहे. तिथल्या मुलाला दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या फळीवर, आजीच्या वहीत, कालनिर्णयवर अशी शंभर मराठी अक्षरं रोज भेटतात, दोन वळणांत त्याचा गोंधळ होणार नाही. आमच्या क्वेकर्स हिलमधल्या मुलाला रस्त्यावर मराठी अक्षर एकही भेटत नाही. आठवड्यातून एकदा मराठी शाळेत जो तासदोन तास मिळतो तेवढाच, आणि मग फोनवर येणारी ही पोस्टरं. त्याच्यासाठी ही पोस्टरंच पाटी, हीच भिंत. शाळेत बाई पाकळ्यांचा ल गिरवून घेतात आणि बाहेर सगळीकडे काठीचा ल दिसतो, तेव्हा सहा वर्षांचं पोर विचारतं की हे कुठलं अक्षर. बाईंनी काय सांगायचं? तुझं बरोबर आहे, पण आपल्याच मंडळाला ते माहीत नाही?

वळणाचा प्रश्न तरी दिसण्यापुरता म्हणून सोडून देता येईल. ‘ऱ्य’ चं तसं नाही, तिथे अर्थच बदलतो. आचारी स्वयंपाक करतात, आचार्य शिकवतात. महाप्रसादानंतर ‘आचाऱ्यांचे आभार’ मानायचे आणि अक्षर जुळलं नाही म्हणून ‘आचार्यांचे आभार’ छापायचे, असं झालेलं मी पाहिलं आहे. स्वयंपाकघरातली मंडळी त्यावर मनसोक्त हसली, ते सोडा. तसंच दऱ्या आणि दर्या. सह्याद्रीच्या सहलीचं पोस्टर करताना डोंगरदऱ्यांचा दर्या होऊन बसतो. युनिकोडमध्ये यासाठी ऱ हे खाली टिंब असलेलं अक्षर आहे, ते घेऊन हलन्त आणि य दिला की आडवा र मिळतो. पुष्कळ जणांना हे माहीत नसतं, कारण कुणी शिकवलेलं नसतं. आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी बरोबर टंकूनही एखादा हलका फॉन्ट तो जोडतच नाही, तिथे ऱ आणि य वेगवेगळे पडतात.

इथे निराश होऊन ‘तंत्रज्ञानाने भाषा बुडवली’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ते चूक आहे. देवनागरीसाठी याहून बरे दिवस कधी नव्हते. पूर्वी एक टंक पाडायचा तर खिळे कोरणारा कारागीर, ओतशाळा, भांडवल, सगळं लागायचं. निर्णयसागरच्या जावजी दादाजींसारखा एखादाच ते उभं करू शके. संगणक आल्यावरही सुरुवातीला मोजक्याच लोकांच्या हाती ते काम होतं. विंडोजबरोबर येणारा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींनी रेखाटला, आणि कित्येक वर्षं पडद्यावरची मराठी म्हणजे मंगल असंच समीकरण होतं. आज मुंबईच्या एक टाइप या समूहाने केलेले मुक्ता आणि बालूसारखे फॉन्ट कुणालाही फुकट घेता येतात. बालू तर देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांत आहे, एकेका लिपीवर वेगवेगळे हात बसलेले. त्यांचा परवाना खुला आहे. नुसते वापरायलाच नाही, तर उघडून बघायला, दुरुस्त करायला आणि दुरुस्त केलेला पुन्हा वाटायलासुद्धा परवानगी आहे. असं स्वातंत्र्य छापखान्याच्या काळात कुणाला होतं?

यातलं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आपल्याकडचं नाहीच. टिरो टाइपवर्क्स ही कॅनडातली लहानशी संस्था. तिथल्या जॉन हडसन यांनी फिओना रॉस यांच्याबरोबर मूर्ती क्लासिकल लायब्ररी या भारतीय अभिजात ग्रंथमालेसाठी देवनागरी अक्षरं रेखाटली होती. पुढे ती सर्वांसाठी खुली केली तेव्हा त्यांनी एक साधी पण फार विचाराची गोष्ट केली. एकाच फॉन्टच्या पोटात सगळी रूपं लपवून न ठेवता तीन वेगळे फॉन्ट केले: टिरो देवनागरी हिंदी, टिरो देवनागरी मराठी आणि टिरो देवनागरी संस्कृत. मराठीचा निवडला की मराठीची वळणं सरळ समोर. साधनाने भाषा विचारली नाही तरी अडत नाही. कॅनडातल्या माणसांनी आपल्या ल ची एवढी काळजी घ्यावी, आणि आपण मात्र यादीत पहिला दिसेल तो फॉन्ट उचलावा, हे काही बरं नाही.

मिळून काम करण्याचा अर्थ आपण अजून अर्धाच घेतला आहे. एका पानावर तिघांनी बसून वेळ आणि रंग बदलणं हे झालं वरचं. त्या पानाखाली जे सगळं आहे, फॉन्ट, कळफलक, महिन्यांची नावं, तारखा लिहायची पद्धत, तेही असंच अनेकांनी मिळून केलेलं असतं, आणि तिथेही दार उघडं असतं. मोबाइलमध्ये मराठीत वारांची आणि महिन्यांची जी रूपं दिसतात ती पुष्कळदा युनिकोडच्या एका सामाईक साठ्यातून येतात. त्यातल्या प्रस्तावांवर त्या त्या भाषेचे लोक मत देतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला, तोही पगारी माणसांवर उभा राहिलेला नाही. खुल्या फॉन्टच्या कामात चूक दाखवायची जागा सगळ्यांना दिसेल अशी असते. तिथे ‘ऱ्य जुळत नाही’ असं चित्रासकट कुणी लिहिलं, तर पलीकडचा माणूस बहुधा आनंदाने बघतो, कारण त्याला मराठी वाचणारा माणूसच मिळत नसतो. सिडनीत, मेलबर्नमध्ये संगणकावर पोट भरणारे मराठी लोक काही कमी नाहीत. कामाच्या ठिकाणी रोज अशा शंभर तक्रारी नोंदवणारे आपण, मातृभाषेच्या नावाने एक नोंदवायला का कचरतो?

ही निकड वाढली आहे ती एका नव्या सोयीमुळे. आता चार शब्द सांगितले की यंत्र अख्खं पोस्टर चितारून देतं. चित्र झकास असतं. अक्षरं मात्र अनेकदा अक्षरं नसतातच. यंत्राने ती लिहिलेली नसतात, देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी काढलेलं असतं. वर शिरोरेघ, खाली वळवळ. ‘गणेशोत्सव’ लांबून बरा दिसतो, जवळ गेलं की त्यात नसलेला कानाही सापडतो. ही यंत्रं सुधारतील यात शंका नाही, पण ती शिकतात जालावर सापडेल त्यावरून. जालावर मराठी म्हणून काठीचा ल आणि मोडका ऱ्य पसरलेला असला तर ती तेच शिकणार आणि तेच परत आपल्या मुलांना दाखवणार.

मंडळांना करता येण्यासारखं काम अगदी छोटं आहे. पोस्टर करणाऱ्यांसाठी मराठी वळण देणाऱ्या दोनतीन फॉन्टांची नावं एका ओळीत लिहून गटावर वर टाचून ठेवावीत. आचाऱ्यांचे, दऱ्या, सुऱ्या, बिचाऱ्या हे चार शब्द प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये एकदा टंकून बघावेत, ते नीट उमटले तर फॉन्ट घ्यावा. पोस्टर गटावर टाकण्याआधी मराठी शाळेतल्या एका बाईंच्या नजरेखालून जाऊ द्यावं, फार तर पाच मिनिटं लागतील. आणि ज्यांना जमेल त्यांनी साधनं बनवणाऱ्यांकडे भाषा निवडायची सोय मागावी. आमच्यासाठी तर त्यातले काही जण क्वेकर्स हिलहून सेंट्रलला जाणाऱ्या ट्रेनच्या टप्प्यातच बसतात, त्यांच्या कचेऱ्यांत आपली मुलंमुली कामालाही आहेत. दुपारच्या जेवणाला शेजारच्या टेबलावर कोण बसतं ते त्यांनी एकदा बघावं.