वाघाचं रील म्हणजे जनजागृती?

ताडोबात वाघ दिसला की जिप्सींची रांग, कॅमेऱ्यांचा कडकडाट, संध्याकाळी रील. याला जनजागृती म्हणायचं? मला नाही पटत.

माइक पांडेंनी गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार चित्रित केली. हा महाकाय, गरीब मासा यकृताच्या तेलासाठी, मांसासाठी कापला जायचा. बघवत नाही हो. २००० साली त्यांची 'शोअर्स ऑफ सायलेन्स' आली. २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये. असं संरक्षण मिळालेला देशातला पहिला मासा!

पुढे कोळ्यांचं मन वळवायला वेगळी मोहीम लागली, कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यावी लागली, हे खरंच. पोट त्यांचं होतं.

आणि आपल्या रीलमध्ये? ताडोबालगत जीव मुठीत धरून मोहफुलं वेचणारी बाई कधी दिसलीये?