'वीड आउट' कोणाला म्हणता?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण 'वीड आउट' या इंग्रजी शब्दप्रयोगाशी आहे.

वीड म्हणजे तण. 'वीड द गार्डन' म्हटलं की कर्म बाग असते, म्हणजे निगा बागेची राखायची. त्याला 'आउट' चिकटलं की कर्मच बदलतं. आता बाग बाजूला राहते, नजर फक्त उपटून फेकायच्या गोष्टीवर! चुका करा 'वीड आउट', खोटे अर्ज करा, माझी तक्रार नाही. पण हल्ली हा शब्द सर्रास माणसांना लावतात. आपल्याच घरच्या एका लग्नात, पूर्व परीक्षेत राहिलेल्या पोराबद्दल त्याच्यादेखत तो वापरला गेला. पोरगं भरलं ताट सोडून उठलं.

आपल्याकडे यासाठी साधा शब्द आहे, चाळणी परीक्षा. चाळणीत वर राहतो तो कोंडा. त्याला कोणी तण म्हणत नाही, उलट कोंड्याचा मांडा करणारीचं आपण कौतुक करतो. आणि ही चाळणी तरी काय मोजते? यूपीएससी असो की एमपीएससीची राज्यसेवा, पूर्व परीक्षेचे गुण अंतिम निवडीत धरतच नाहीत. मुख्य परीक्षेसाठी गर्दी कमी करायची, एवढंच तिचं काम. जे गुण पास झालेल्याच्याही खात्यात जमा होत नाहीत, त्यावरून राहिलेल्याची लायकी कशी काय ठरते बुवा?

कुणी म्हणेल, शब्दच तो, एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं, कारण उपटलेलं तण कोणी पुन्हा लावत नाही. परीक्षेला मात्र वय आणि संधी शिल्लक असेपर्यंत पुन्हा बसता येतं. नियमांनी उघडं ठेवलेलं दार हा शब्द परस्पर लावून टाकतो.

बरं, तण म्हणजे तरी काय? नको तिथे उगवलेलं रोप. निंदायला गेलेल्या बायका पिकातून घोळ, तांदुळजा, कुर्डू उपटतात आणि तेच ओटीत भरून भाजीला घरी आणतात. शेताला जे नको, ते चुलीला हवं असतं.

तेव्हा काका-मामा मंडळींनो, 'या वेळी नाही झालं' म्हणा. हे चार शब्द पुरतात आणि खरेही आहेत. खुरपं शेतात शोभतं, पंगतीत नाही.