तिला राजधानी पाहू द्या

दिवाळीची सुट्टी संपली, की पेठमधल्या घराघरांत शाळेच्या सहलीचं पत्रक येतं. मुलाच्या हातात असलं, तर वडील थोडं कुरकुरतात आणि सही करतात. तेच मुलीच्या हातात असलं, की घरात बैठक बसते. रात्रीचा प्रवास, घाटाचा रस्ता, मुंबईसारखं शहर आणि वयात आलेली पोर! आजी नको म्हणतात, वडील ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात, आणि सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. भगिनींनो, त्या वेळी तुम्ही काय म्हणाल, त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

आधी शाळेत जाऊन चौकशी करा. सोबत बाई किती, मुलींची बसण्याची सोय कशी, मुक्काम आहे का, हे मोकळेपणानं विचारा. एस.टी.ची गाडी घेतली, तर शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते. वर्गणी जड जात असेल, तर हे जरूर मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. समुद्राच्या पाण्यात उतरायचं नाही, हे मुलीला बजावा. २०१६ साली मुरुडला सहलीतले विद्यार्थी बुडाले होते, हे विसरून चालणार नाही.

आता तयारी. सावळघाट, कोटंबीचा घाट आणि पुढे कसारा! गाडी लागणाऱ्या मुलीला निघताना पोटभर जेवू घालू नका. आलेपाक आणि दोन रिकाम्या पिशव्या जवळ द्या, पुढच्या बाकावर बसायला सांगा. डब्यात दुधात भिजवलेल्या दशम्या आणि खुरासणीची कोरडी चटणी द्यावी. ओलं खोबरं घातलेलं काही नको, मुंबईच्या दमट हवेत ते लगेच आंबतं. आपल्याकडे पहाटे कडाक्याची थंडी आणि तिथे दुपारी घाम, म्हणून आत सुती कपडे आणि वर स्वेटर. चपला रोजच्या वापरातल्याच असू द्या, नव्या चावतात. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. पाळी येण्यासारखी असो वा नसो, पॅड द्याच. मोबाइल हरवूही शकतो, म्हणून घरचा आणि बाईंचा नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.

एवढं झालं, की आदल्या रात्री लेकीजवळ बसून उद्या काय दिसणार ते सांगा. माहिती असली, की दगडी इमारतीही बोलू लागतात.

मुंबईत शिरल्यावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस दिसेल. ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली. त्याआधी, १६ एप्रिल १८५३ ला, इथल्याच बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला गेली. मग गेटवे. इंग्रज बादशहा १९११ साली मुंबईला आला, त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली, ती पुरी झाली १९२४ साली. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची इंग्रजी पलटण याच कमानीखालून परत गेली!

ओव्हल मैदानाशी मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे. उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव दिलं. एवढ्या उंच मनोऱ्यावर एका आईचं नाव आहे, हे तिला सांगाच. आणखी एक सांगा. या विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी हिचा जन्म १८६६ साली आपल्या नाशिकचा. पुढे ती कायदा शिकायला ऑक्सफर्डला गेली. १८९२ साली तिथली परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी मिळायला १९२२ साल उजाडावं लागलं. तिलाही घरच्यांनी पाठवलं, तेव्हाच ती जाऊ शकली ना?

संध्याकाळी मरीन ड्राइव्हकडे जाताना मंत्रालय आणि १९८१ सालचं विधान भवन बाहेरून दाखवा, असं बाईंना सुचवा. मुलं म्हणतील, यात काय पाहायचं? पण आपल्या शाळेचा, दवाखान्याचा, मुलींच्या शिष्यवृत्तीचा निर्णय तिथे होतो. ‘वरून आदेश आला’ असं आपण आयुष्यभर ऐकतो. ते ‘वर’ म्हणजे रस्त्याच्या कडेला उभी असलेली, चालत जाता येण्याजोगी इमारत आहे, एवढं तिला एकदा डोळ्यांनी दिसू द्या.

सहलीचा खरा लाभ हाच. चार स्थळं पाहिल्यानं कोणी विद्वान होत नाही. पण उद्या नर्सिंगच्या प्रवेशाला, परीक्षेला, नोकरीच्या मुलाखतीला जायची वेळ आली, की ‘मुंबई पाहिलेली आहे’ हा धीर तिच्या गाठीशी असतो. हा धीर लग्नात दागिन्यांबरोबर देता येत नाही, तो याच वयात द्यावा लागतो.

परत आल्यावर ‘काय आणलंस?’ असं विचारू नका. ‘कुठून कुठे गेलात, ते सांग’ म्हणा. जेवताना सगळ्यांदेखत सांगू द्या, आजींनाही ऐकू द्या. घरात धाकटी बहीण असेल, तर तिच्या पत्रकावर पुढच्या वर्षी बैठक बसणार नाही.