मागचे दार बंद कोण करणार?

संगणकातला मालवेअर पुसला की संकट टळले, हा समज घातक आहे. घुसखोराने नेलेले पासवर्ड आणि आपण उघडी ठेवलेली वाट, दोन्हींचा बंदोबस्त होत नाही तोवर तो परत येणारच.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्यासाठी कोणी तिजोरी फोडली नाही की रखवालदाराला बांधून ठेवले नाही. ११ ऑगस्टच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढण्यात आले. भारतातल्या एटीएममधूनही अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये बँकांमधल्या व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगमधल्या खात्यात वळवले गेले. एटीएममध्ये कार्ड घातले की पैशांची मागणी स्विचमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते, तिथे शिल्लक तपासली जाते आणि मगच नोटा बाहेर येतात. लुटारूंनी मालवेअरच्या आधारे याच वाटेवर बनावट स्विच बसवला. मागणी मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचतच नव्हती. बनावट स्विच परस्पर होकार देत होता. पैसे काही तासांत गेले, पण शिरकाव त्याआधीच झाला होता, आणि तो कोणाला दिसला नव्हता.

बॅकडोअर, म्हणजे घुसखोरासाठी मागचे दार उघडे ठेवणाऱ्या मालवेअरचे, खरे बळ या न दिसण्यात आहे. खंडणीखोर रॅन्समवेअर पडद्यावर धमकी झळकावते, बॅकडोअर गप्प बसून राहते. संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत किंवा ‘टास्क शेड्युलर’मध्ये ते स्वतःची नोंद करते. मग आतूनच बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधते आणि हुकूम घेते. बाहेरून येणाऱ्याला अडवणारी फायरवॉल आतून निघालेल्या संपर्काला बहुधा हटकत नाही. त्यानंतर दाबलेली प्रत्येक कळ, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, पडद्यावरचे चित्र, सारे परक्याच्या हाती लागते.

हे दार बहुतेक वेळा आपणच उघडतो. डीटीपीच्या दुकानात, कर सल्लागाराच्या कार्यालयात, शाळेच्या संगणक कक्षात ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर सर्रास चालते. त्या क्रॅकसोबत येणारी सूचना एकदा लक्षपूर्वक वाचावी. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ हीच बहुधा तिची पहिली ओळ असते. फुकटच्या मोहात ती निमूटपणे पाळली जाते. ईमेलने येणाऱ्या बिलाचीही तीच गत. विंडोज मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या नावाचे ओळखीचे शेपूट लपवते. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते, कारकून बिल समजून उघडतो आणि प्रोग्रॅम चालू होतो. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी ॲपची एपीके फाइल मोबाइलमध्ये हेच करते.

अपडेट टाळण्याची सवयही तितकीच महाग पडते. ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने १२ मे २०१७ रोजी जगभर हाहाकार उडवला. ज्या त्रुटीतून ते पसरले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. आता विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विस्तारित अपडेटची सोय न करता जी यंत्रे तशीच चालू आहेत, त्यांच्यातली प्रत्येक नवी त्रुटी उघडीच राहणार.

शिरकावाचा संशय आला, म्हणजे अँटीव्हायरस आपोआप बंद पडला, अनोळखी यूजर खाते दिसले, न मागितलेले रिमोट ॲक्सेस सॉफ्टवेअर आढळले, तर पहिले काम संगणकाचे वाय-फाय आणि केबल तोडण्याचे. दुसरे काम दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदलण्याचे: आधी ईमेल, मग बँक. सर्व उपकरणांवरून लॉगआउट करून दुपदरी पडताळणी चालू करावी. बाधित यंत्रावरूनच पासवर्ड बदलणे म्हणजे चोराच्या हाती नवी किल्ली देणे. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावे. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी करते, त्यामुळे मालवेअरला लपायला कमी वाव मिळतो. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची साफसफाईची साधनेही मोफत आहेत.

मात्र बॅकडोअरने स्वतःखेरीज आणखी काय पेरले, हे स्कॅनवरून खात्रीने कळत नाही. म्हणून ज्या यंत्रावर पैशाचे किंवा लोकांच्या कागदपत्रांचे काम चालते, तिथे एकच मार्ग पक्का: फक्त फोटो आणि दस्तऐवज वेगळे काढून स्कॅन करायचे, डिस्क पूर्ण पुसायची आणि अधिकृत प्रतीवरून विंडोज नव्याने टाकायचे. ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणारा तीच क्रॅक केलेली प्रत पेन ड्राइव्हवरून पुन्हा टाकणार असेल, तर सारी खटपट पाण्यात जाते. संस्थांनी तर तज्ज्ञांकडून पुरावे जपून घेतल्याशिवाय फॉरमॅट करूच नये. घुसखोर कुठून आला हे सांगणाऱ्या नोंदीच त्यात नष्ट होतात. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार नोंदवावी.

नागरिकाने एवढे केले तरी प्रश्न सुटत नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची श्रेणीबद्ध चौकट जाहीर केली. गावोगावच्या पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. शेतमजुरापासून निवृत्त शिक्षकापर्यंत अनेकांची आयुष्यभराची पुंजी तिथे असते. सरकारी दाखल्यांचे काम करणाऱ्या सेवा केंद्रांच्या संगणकांतून तर रोज आधार कार्डे, सातबारे आणि उत्पन्नाचे दाखले जातात. या यंत्रांवर परवान्याचे सॉफ्टवेअर आहे का, शेवटचे अपडेट कधी झाले, बॅकअप कुठे आहे, हे कोण तपासते? पतसंस्थांचे हिशेब तपासायला दरवर्षी लेखापरीक्षक येतो. त्याच्या अहवालात संगणक सुरक्षेचे प्रकरण सक्तीचे करायला सहकार खात्याला कोणी अडवलेले नाही.

घटना लपवण्याची वृत्ती हा याहून मोठा रोग आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. अब्रू जाईल या भीतीने जी संस्था गप्प बसते, ती त्याच घुसखोराला शेजारच्या संस्थेत शिरायला मोकळीक देते. तक्रार करणाऱ्या संस्थेला आधी मदत मिळेल, लपवणाऱ्यावर कारवाई होईल, असा स्पष्ट संदेश सरकारने द्यायला हवा.

कॉसमॉससारख्या मोठ्या बँकेला एवढा फटका बसला. तोच घाव एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेवर पडला तर तिला टाळे लागेल आणि ठेवीदार रस्त्यावर येतील. पतसंस्थांतल्या ठेवींना बँकांप्रमाणे ठेव विम्याचे कवच नाही, हे ध्यानात ठेवले तर या इशाऱ्याची निकड कळेल. सहकार खात्याने प्रत्येक पतसंस्थेच्या संगणकांची तपासणी याच आर्थिक वर्षात हाती घ्यावी आणि तिचे निष्कर्ष ठेवीदारांसमोर मांडावेत.