जुने खमीर आणि संत पौलाचा राग

जून २०२१ मध्ये अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने ख्रिस्तप्रसादाविषयी दस्तऐवज तयार करण्याचा ठराव १६८ विरुद्ध ५५ मतांनी संमत केला. गर्भपाताच्या कायद्याला पाठिंबा देणाऱ्या कॅथलिक राजकारण्यांना ख्रिस्तप्रसाद द्यावा काय, हा त्यामागील प्रश्न होता. नोव्हेंबरमध्ये संमत झालेल्या दस्तऐवजात कोणाचेही नाव नव्हते. मे २०२२ मध्ये मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी यांना आपल्या धर्मप्रांतात ख्रिस्तप्रसाद नाकारला. असा वाद उद्भवला की संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे पाचवा आणि अकरावा हे दोन अध्याय पुढे केले जातात. ते आपण सावकाश वाचले पाहिजेत.

करिंथ येथील एक ख्रिस्ती मनुष्य आपल्या बापाच्या बायकोबरोबर राहत होता. रोमन कायद्यालाही हे मान्य नव्हते; तरी मंडळी स्वतःच्या मोठेपणात फुगलेली होती. वल्हांडणापूर्वी घरातील जुने खमीर काढून टाकतात, तसे त्या मनुष्याला दूर करा, असे पौल लिहितो. परंतु त्याच वाक्यांमध्ये तो दोन गोष्टी सांगतो. त्या मनुष्याचा आत्मा तरावा हा शिक्षेचा हेतू आहे. आणि बाहेरच्यांचा न्याय देव करील, तो आपले काम नव्हे. ज्यांच्याबरोबर जेवू नये त्यांच्या यादीत तो जारकर्म्यांबरोबर लोभी, निंदक, मद्यपी आणि लुबाडणारे यांनाही बसवतो. शुद्धतेचा आग्रह धरणारे आपण या यादीतील निंदकापाशी क्वचितच थांबतो. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर चालणारे संभाषण आठवले तर कारण कळते.

अकराव्या अध्यायात अपात्रपणे प्रभुभोजन घेण्याविषयी कडक इशारा आहे. तो कशावरून उद्भवला? काही जण आधीच जेवून मद्याने धुंद होत आणि गरीब उपाशी राहत, यावरून. पौलाच्या दृष्टीने तेथे प्रभूच्या शरीराचा अवमान होत होता.

शिस्तीची गरज नाही, असे आम्ही म्हणत नाही. उघड व गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्यास ख्रिस्तप्रसाद देऊ नये, असे १९८३ च्या कॅनन कायद्याचे ९१५ वे कलम सांगते आणि ते आजही लागू आहे. प्रश्न आहे तो दाराबाहेर गेलेल्या माणसाच्या वाटेकडे कोणी डोळे लावून बसले आहे काय, हा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल शिक्षा झालेल्या एका मनुष्याविषयी लिहितो: बहुमताने दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच मनुष्य, असे अनेक प्राचीन भाष्यकारांनी मानले. आजचे बहुतेक अभ्यासक तसे मानत नाहीत. कोणीही असो, त्याला परत घेण्यासाठी पौलाला मंडळीची विनवणी करावी लागली. घालवून देताना त्याने आज्ञा केली होती.